आम्ही नाही का सोसलं!

आमच्या घरात न दुखण्याचा अभिमान पिढीजात आहे. आजोबांनी पायात मोडलेला बाभळीचा काटा स्वतःच दाभणाने उकरून काढला आणि लगेच पाणी पाजायला शेतात गेले, ही गोष्ट आम्हा भावंडांना जेवताना ऐकवली जायची, शाळेत निघताना ऐकवली जायची आणि ताप आला की हमखास ऐकवली जायची. मीही त्या घराण्याला शोभेशीच निघाले. अक्कलदाढ काढून स्कूटी चालवत घरी आले. बाळंतपणात इतकी गप्प होते की नर्सला कळा खरंच येतायत की नाही याचीच शंका. हे मी चारचौघांत सांगतही असे. पुढे फिजिओथेरपिस्ट झाले तेव्हा तर ही बढाई मला धंद्याची पात्रताच वाटू लागली.

कारण आमच्या कामात दुखवणं येतंच. माझा दवाखाना इचलकरंजीत. यंत्रमागावर उभं राहून धरलेल्या कंबरा, कांडी भरणाऱ्या बायकांचे खांदे, प्लास्टर काढल्यावर ताठलेले हात, बदललेले गुडघे, असं सगळं आमच्या टेबलावर येतं. सांधा आखडला की तो मोकळा करायचा, आणि मोकळा होताना तो मुकाट्याने होत नाही. कुठे थांबायचं आणि कुठे आणखी थोडं रेटायचं, हे ठरवण्यातच अर्धी विद्या. पुस्तकात सांगितलंय, पेशंटला शून्य ते दहा यांत आकडा विचारा. आमच्याकडचे जुने पेशंट आकडा देत नाहीत. 1957 साली दशमान नाणी आली तरी दुखणं अजून आण्यांत मोजलं जातं. ‘रुपयात चार आणे फरक हाय बघा,’ ‘आता बारा आणे बरं वाटतंय.’ मी ते भराभर टक्क्यांत करून फाइलमध्ये लिहीत असे. पण खरं सांगायचं तर त्यांच्या आण्यांवर माझा फारसा विश्वास नव्हता. मी चेहरा बघायचे, आणि मनात एक प्रश्न विचारायचे: हे मला केलं असतं तर किती दुखलं असतं? येईल ते उत्तर हाच माझा खरा मापक.

याच मापकाने मी पिठाची गिरण चालवणाऱ्या एका मावशींना मोजलं.

ओल्या फरशीवर घसरून त्या हातावर पडल्या होत्या. मनगटाजवळचं हाड मोडलेलं, प्लास्टर निघालेलं, एक्स-रेमध्ये हाड छान जुळलेलं. माझ्याकडे आल्या त्या हाताला ओला टॉवेल गुंडाळून. बसल्या बसल्या म्हणाल्या, ‘मॅडम, पंखा बंद करा की. वारं लागलं की आग होतीया.’ मला हसू आलं. वाऱ्याने हात दुखतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. टॉवेल काढून मी नुसतं बोटाच्या टोकाने चाचपलं, तर त्या अशा किंचाळल्या की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. मी म्हणाले, ‘अहो मावशी, लहान पोरंसुद्धा एवढी ओरडत नाहीत. पोती उचलता ना तुम्ही!’ बाकावरची मंडळी हसली. मावशीही हसल्यासारखं करून खाली बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या ओरडल्या नाहीत. पदराचा बोळा दातात धरायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. मी विचारायचे, ‘आठ आणे तरी फरक आहे ना?’ त्या म्हणायच्या, ‘हां, आठ आणे म्हणा.’ मी फाइलमध्ये लिहिलं: वेदना कमी, सहकार्य चांगलं.

ती फाइल मी फाडली नाही. आजही कपाटात आहे. माझ्या अक्षरातलं हे सगळ्यांत चुकीचं वाक्य, आणि लिहिताना मला त्याचं समाधान वाटलं होतं. पेशंट दुखायचा थांबला नव्हता, सांगायचा थांबला होता. तो गप्प झाला हे मी माझं यश म्हणून मांडून ठेवलं होतं.

हे उघडकीला आणलं त्यांच्या सुनेने, तेही तक्रार म्हणून नव्हे. ती सहज बोलून गेली, ‘आत्या रात्री पाण्याच्या बादलीत हात घालून बसतात हो. झोपतच न्हाईत.’ मग मी तो हात पहिल्यांदा नीट बघितला. इतके दिवस मी त्याचे कोन मोजत होते, हात बघतच नव्हते. कातडी ताणून चकचकीत झालेली. रंग लालसर, मध्येच निळसर. दुसरा तळवा कोरडा आणि हा घामाने ओला. दुसऱ्या हातापेक्षा गरम. बोटं जाडसर आणि न वळणारी. या लक्षणांची यादी मी कॉलेजात पाठ केली होती, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर तो होऊ शकतो हेही ठाऊक होतं. दुखापत बरी होत जाते, पण मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजवतच राहते आणि तिचा आवाज वाढवत नेते. मग नुसता स्पर्श, गार वारा, अंगावरून सरकणारा पदर यांनीही आग होते. या आजाराचे निकष 2003 साली बुडापेस्टला जमलेल्या तज्ज्ञांनी नव्याने बसवले. त्यातला पहिलाच निकष असा की दुखापतीच्या मानाने दुखणं फार जास्त असतं. म्हणजे ज्याला मी नाटक समजले, तेच निदानाचं पहिलं लक्षण होतं. मावशी ते पहिल्याच दिवशी, पंख्याकडे बोट दाखवून, मला सांगत होत्या.

नंतर या आजाराचा इतिहास वाचताना अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळचा सायलस वीअर मिचेल हा डॉक्टर भेटला. फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात मज्जातंतूंना गोळ्या लागलेले सैनिक त्याच्याकडे येत. जळजळणाऱ्या हातावर सतत ओलं फडकं ठेवून बसणाऱ्या, कुणी जवळ आलं तरी दचकणाऱ्या त्या माणसांची वर्णनं त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1864 साली छापली. त्याने त्यांना भित्रे ठरवून मोकळं होणं अगदी सोपं होतं. त्याने तसं केलं नाही, जे दिसलं आणि जे सांगितलं गेलं ते लिहून ठेवलं. माझ्याकडे दीडशे वर्षं जास्तीची विद्या होती आणि माझ्याही समोर ओलं फडकं होतं.

मावशींना योग्य डॉक्टरांकडे पाठवलं, औषधं सुरू झाली. आम्ही पद्धत बदलली. आधी कापूस, मग मऊ कापड, मग खरबरीत असं करत त्या हाताला स्पर्शाची पुन्हा सवय लावायची. शिवाय आरसा. मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात-पाय कापलेल्या माणसांच्या ‘नसलेल्या’ अवयवाच्या वेदनेसाठी वापरलेली ही युक्ती पुढे या आजारातही वापरात आली. दुखरा हात आरशामागे, चांगला हात आरशापुढे हलवायचा, म्हणजे दुखरा हात बिनदुखता हलतोय असं मेंदूला दिसतं. बऱ्याच महिन्यांनी आग कमी झाली. मूठ मात्र पूर्ण वळली नाही ती नाहीच. पोतं धरायला आता त्यांनी एक पोरगा ठेवलाय. आधी ओळखलं असतं तर मूठ वळली असती का, हे कुणी खात्रीने सांगू शकणार नाही. पण ताठलेल्या, पेटलेल्या हाताला मी रोज रेटत होते, त्याचा फायदा झाला नसणार एवढं नक्की.

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘तुमी तरी काय करणार. तुमाला कदी दुखलंच न्हाई, तर कळणार कसं?’

ही माफी मी फार आनंदाने घेतली, आणि ही माझी पुढची चूक. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे आपल्याकडे सगळ्यांनाच पटलेलं असतं. मला दुखत नाही म्हणून दुसऱ्याचं दुखणं कळत नाही, जन्मतःच असलेला दोष आहे, त्याला मी काय करणार! या समजुतीत केवढा आराम होता. मी त्याला पुरावाही शोधला. 2004 साली लंडनमध्ये तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सोळा जोडपी. बाई स्कॅनरमध्ये, जोडीदार शेजारी, आणि विजेचा झटका कधी तिच्या हाताला, कधी त्याच्या. झटका त्याला बसणार आहे हे कळलं की तिच्या मेंदूचे तेच भाग जागे होत, जे स्वतःला झटका बसल्यावर वेदनेच्या ‘वाईट वाटण्याशी’ जोडलेले असतात. नेमकं कुठे आणि किती टोचलं हे नोंदवणारे भाग मात्र स्वस्थ राहत. मी ते वाचलं आणि मनाशी म्हणाले, बघा, दुसऱ्याचं दुखणं आपल्याच दुखण्याच्या यंत्रावर समजतं. माझं यंत्रच मंद. हिशेब मिटला.

तो मिटू दिला नाही पॅरिसच्या निकोलस डान्झिगर यांच्या 2006 सालच्या अभ्यासाने. त्यांनी अशी बारा माणसं घेतली ज्यांना जन्मापासून वेदना होतच नाहीत. भाजलं, मोडलं, कापलं तरी कळत नाही असा हा फार दुर्मीळ विकार. त्यांना फक्त प्रसंग सांगितला, की अमक्याचं बोट दारात चेमटलं, तर दुखलं किती असेल याचा अंदाज ते इतरांपेक्षा कमी करत. इथपर्यंत माझ्या बाजूचं होतं. पण वेदनेने वेडावाकडा झालेला चेहरा दाखवला की तो त्यांना जवळजवळ इतरांइतकाच कळत होता. शिवाय त्या बाराजणांत जे मुळात दुसऱ्याच्या भावना समजून घेण्यात पुढे होते, त्यांचे अंदाज बाकीच्यांहून चांगले होते. ज्यांना आयुष्यात कधी ठेचसुद्धा दुखली नाही, ते दुसऱ्या वाटेने तिथे पोहोचत होते. मला तर दुखत होतं, इतरांहून जरा कमी, एवढंच. मावशींचा चेहरा समोर होता, आवाज भिंती भेदून बाहेर गेला होता. कळायला आणखी काय हवं होतं?

एवढं वाचूनही मी त्यातून फार काही घेतलं असं म्हणवत नाही. वाचलेलं पचायच्या आत माझा खांदा धरला.

डावा खांदा. फ्रोझन शोल्डर. चाळिशी-पन्नाशीत, बायकांना जरा जास्त, मधुमेह असला तर आणखी जास्त होणारं दुखणं. खांद्याच्या सांध्याभोवतीची पिशवी सुजते, जाड होते, आकसते. आधी काही महिने नुसतं दुखणं, रात्री तर असह्य. मग दुखणं ओसरतं आणि हात लाकडासारखा राहतो. मग हळूहळू सुटतो. या सगळ्याला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात. केसांचा अंबाडा घालता येईना, ब्लाउजचा हात चढेना, त्या कुशीवर वळलं की झोप मोडायची. सहकाऱ्याकडून ताणून घेताना मी तोंडात रुमाल धरत असे. आणि मनात एक गुप्त समाधानही होतं, ते कबूल करते: आता मला कळेल. आता मी माझ्या पेशंटची झाले.

खांदा सुटला. त्यानंतर आलेल्या फ्रोझन शोल्डरवाल्यांपैकी एक होते सायझिंगच्या कारखान्यातले दिवाणजी. मधुमेह जुना. दिवसभर वह्या आणि कॉम्प्युटर. हात जरा वर नेला की ‘आई गं’ म्हणून आकसायचे. मी म्हणाले, ‘दिवाणजी, मलाही हेच झालं होतं. हाच खांदा. मी एक दिवस दवाखाना बंद ठेवला नाही.’ मी हे धीर द्यायला म्हणाले, असं तेव्हा शपथेवर सांगितलं असतं. पुन्हा दोन दिवसांनी म्हणाले, ‘सुरुवातीला वाटतं सहन होणार नाही, पण होतं. मला झालं ना!’ ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यापासून यायचे बंद झाले.

काही महिन्यांनी त्यांच्या मिसेस भाजी मंडईत भेटल्या. विचारलं, तर म्हणाल्या, ‘ते म्हणतात, बाईंना जमलं ते मला जमत नाही, तर उगीच जाऊन लाज का काढून घ्यायची?’

घरी येऊन मी हे बहिणीला फोनवर सांगितलं. तक्रारीच्याच सुरात, की माणसं किती हळवी झालीत. ती हसली, आणि रात्री तिने मला माझेच जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवले, माझा खांदा धरला होता तेव्हाचे. पहाटे तीनचे, चारचे. ‘झोपच नाही.’ ‘हात कापून टाकावासा वाटतोय.’ ‘आज पेशंटसमोर रडू आलं, बाथरूममध्ये जाऊन बसले.’ दवाखाना मी काही दिवस बंदही ठेवला होता, तेही त्यात होतं. मी वाचत गेले आणि ही बाई कोण असं वाटत राहिलं. मला आठवत होतं ते फक्त ‘दुखलं होतं, पण निभावलं’ इतकंच. मी दिवाणजींशी खोटं बोलले नव्हते. मला खरोखरच तसं आठवत होतं.

तेव्हा कळलं की ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ हे जळत असतानापुरतं खरं आहे. विझलं की माणूस मुख्यतः आपण विझवलं एवढंच लक्षात ठेवतो.

हा केवळ माझा दुर्गुण असावा अशी आशा होती, तीही टिकली नाही. रेचल रुटन, मेरी-हंटर मॅकडॉनल आणि लोरान नॉर्डग्रेन यांचे 2015 साली प्रसिद्ध झालेले प्रयोग माझ्या हाती पडले. अमेरिकेत मिशिगन तलावाच्या बर्फगार पाण्यात उडी मारायचा एक उपक्रम असतो. त्यात भाग घेणाऱ्यांना त्यांनी एका माणसाची गोष्ट वाचायला दिली, जो उडी मारायला आला आणि ऐनवेळी माघारी फिरला. ज्यांची उडी अजून व्हायची होती त्यांना त्याच्याबद्दल कणव वाटली. ज्यांची मारून झाली होती त्यांना कमी, आणि त्याला नावं ठेवण्याकडे त्यांचा कल जास्त. शाळेत छळ सोसलेले, नोकरी जाऊन पुन्हा उभे राहिलेले लोक घेऊनही त्यांनी हेच पाहिलं. त्याच संकटात कोलमडलेल्या माणसाबद्दल, ते संकट कधीच न पाहिलेल्यांपेक्षा पार करून आलेले लोक जास्त कठोर निघाले. गंमत म्हणजे, अशा वेळी कुणाकडे मन मोकळं कराल असं विचारलं, तर लोक अनुभवी माणसाकडेच बोट दाखवतात. संशोधकांचं म्हणणं असं की सोसून बाहेर आलेल्याच्या बाबतीत दोन गोष्टी एकदम घडतात. ते किती कठीण होतं हे नेमकं आठवत नाही, आणि ते पार करता येतं हे मात्र पक्कं ठाऊक असतं.

मिशिगन तलाव लांब राहिला. आपल्याकडच्या कुठल्याही प्रसूतिकक्षाच्या दाराशी उभं राहा. कळा देणाऱ्या पोरीला ओरडू नको म्हणून कोण दटावतं? पुरुष डॉक्टर क्वचित. दटावतात त्या आया, नर्सेस, सासवा, सगळ्या त्याच टेबलावरून उतरलेल्या. ‘आम्ही नाही का काढली चार पोरं?’ मी स्वतः माझ्या धाकट्या जावेला, ती कळांनी तळमळत असताना, ‘मी तर आवाजसुद्धा काढला नव्हता’ असं ऐकवलं होतं. ती अजून माझ्याशी जपून बोलते. इतकी वर्षं मी त्याला तिचा स्वभाव समजत होते.

दिवाणजींच्या बाबतीत चूक फक्त मनाची नव्हती, शास्त्राचीही होती, आणि ती मला जास्त बोचते. नेदरलँड्समध्ये डीर्क्स आणि स्टिव्हन्स यांनी 2004 साली फ्रोझन शोल्डरच्या 77 पेशंटचा अभ्यास छापला. एका गटाला दुखण्याच्या पुढे जाऊन जोराचं ताणणं आणि व्यायाम, दुसऱ्या गटाला दुखणार नाही इतपतच हालचाल, धीर आणि वेळ. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या 89 टक्के लोकांचा खांदा जवळपास पूर्ववत झाला होता, पहिल्या गटात 63 टक्क्यांचा. एका अभ्यासाने सगळं ठरत नाही, पण दुखऱ्या टप्प्यात खांद्याला झोडपू नये हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना आज मान्य आहे. दिवाणजी आकसत होते ते त्यांचा खांदा योग्य तेच सांगत होता म्हणून. रुमाल तोंडात धरून मी माझ्या स्वतःच्या खांद्याचं दुखणंही बहुधा लांबवलंच. म्हणजे ज्या सोसण्याचा मी दाखला देत होते ते मुळात करायलाच नको होतं.

यानंतर मी मऊ झाले, आणि त्यातही चुकले. हे थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी लाज वेगळ्या जातीची आहे. गुडघा बदललेले एक निवृत्त मास्तर होते. गुडघ्याचं गणित खांद्याच्या उलट. पहिल्या काही आठवड्यांत तो वाकवला नाही तर आत चिकटतो. मास्तरांचे डोळे भरून यायचे आणि माझ्या पोटात कालवायचं. मी म्हणायचे, राहू द्या आज. मास्तर मला देवमाणूस म्हणायचे. गुडघा नव्वद अंशांपर्यंतही पोहोचेना. शेवटी सर्जनना भूल देऊन तो वाकवावा लागला. डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञाने दोन गोष्टी वेगळ्या काढल्यात: समोरच्यासाठी वाटणारी काळजी, आणि समोरच्याचं दुखणं बघून आपलीच होणारी तगमग. तगमग झालेला माणूस मदत करण्याऐवजी, वाट असली तर, तिथून निसटतो. मी रोज निसटत होते आणि त्याला दया म्हणत होते. पुन्हा माझंच शरीर मध्ये आलं होतं, फक्त या वेळी त्याने उलटा कौल दिला.

तैवानमध्ये 2007 साली झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांना सुया टोचतानाची दृश्यं दाखवली, तेव्हा त्यांच्या मेंदूत इतरांसारखी वेदनेची खळबळ दिसली नाही, स्वतःला आवरणारे भाग कामाला लागलेले दिसले. पूर्वी मी हे माझ्या समर्थनासाठी सांगत असे. आता मला ते निम्मंच वाटतं. हात थरथरू नये म्हणून आपल्या आतला आवाज कमी करणं आलंच. पण तो कमी केला की समोरच्याचं ऐकायला वेगळा कान लागतो, तो मी ठेवलाच नव्हता.

आता आमच्याकडे काही साधे नियम आहेत. पेशंटने चांगला हात वर केला की मी थांबते, लगेच, कारण न विचारता. थांबते हे कळलं की बहुतेकजण आधीपेक्षा जास्त सोसू देतात, हे मला अपेक्षित नव्हतं. ‘आठ आणे फरक आहे ना?’ असं मी विचारत नाही. ‘किती आणे?’ इतकंच विचारते, आणि टक्के न करता तेच लिहिते. रात्र कशी गेली हे घरच्या माणसालाही विचारते. जो गप्प असतो त्याला पुन्हा विचारते. वेदनेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली आपली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्याबरोबरच्या टिपांत म्हटलंय की माणूस आपल्याला दुखतंय असं सांगतो तेव्हा त्याचा मान ठेवावा, आणि सांगता आलं नाही म्हणून दुखत नाही असं समजू नये. मी ते मराठीत लिहून आमच्या दवाखान्यातल्या जिमच्या भिंतीवर लावलंय. पेशंट फारसे वाचत नाहीत. लावलंय ते आमच्यासाठीच.

आणि ‘मलाही झालं होतं’ हे वाक्य मी दवाखान्यात बंद केलंय. जमतं असं नाही. गेल्याच आठवड्यात एका बाईंसमोर ओठांवर आलं होतं. खोकले.

माझ्याकडे सध्या एक तरुण मुलगा असिस्टंट आहे. त्याला लहानपणापासून मायग्रेन. उजेड, आवाज, वास, सगळ्याने त्याचं डोकं उठतं, आणि पेशंटचा चेहरा जरा आकसला की त्याचे हात सैल पडतात. पेशंट त्याच्यावर खूश असतात. परवा गुडघ्याच्या एका आजींवरून आमचं वाजलं. तो म्हणाला, ‘मॅडम, त्यांना खरंच फार दुखतंय, मला कळतंय ना.’ मी म्हणाले, ‘तुला तुझं कळतंय. आजींना विचारलंस का?’ तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘तुम्ही तरी विचारलंत का?’ मीही विचारलं नव्हतं. मी कोन मोजायचं गोनियोमीटर लावून पंच्याऐंशी अंश वाचले होते आणि आणखी दहा मिळायला हवेत असं परस्पर ठरवलं होतं.

आम्ही दोघे आजींकडे गेलो. आजी म्हणाल्या, ‘दुखतंय तर हायच. पर त्यो पोरगा सोडून देतोय आनि तुमी ऐकत न्हाई. दोगांनी मिळून एकदा काय ते ठरवा, मला चतुर्थीपातूर गणपतीम्होरं खाली बसायचंय.’

अजून आमचं ठरलेलं नाही. आज पंच्याऐंशीवरून अठ्ठ्याऐंशी झाले. तो म्हणतो पुरे, मी म्हणते नाही. आजी म्हणतात, सहा आणे.